छोटा पडदा आणि कैलासचा कारागीर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बडोद्याला सापडलेला एक ताम्रपट आहे. राष्ट्रकूट घराण्याच्या गुजरात शाखेतल्या कर्क राजाने इ. स. ८१२च्या सुमारास दिलेल्या दानाचा. दान कुणाला दिले, गावाच्या चतुःसीमा कोणत्या, राजाचे पूर्वज किती पराक्रमी, असा दानपत्रांतला नेहमीचा मजकूर त्यातही आहे. पण पूर्वजांपैकी कृष्णराजाची गोष्ट सांगताना लिहिणारा थोडा रेंगाळला आहे. या राजाने एलापूरच्या डोंगरावर शिवाचे मंदिर करवले. विमानांतून जाणारे देव ते पाहून थक्क झाले. हे कुणी घडवलेले नसणार, आपोआपच प्रकटले असणार, असे त्यांना वाटले. आणि ज्याने ते घडवले तो शिल्पीसुद्धा, असे काम पुन्हा आपल्या हातून होणे नाही हे जाणून, ‘मी हे केले तरी कसे?’ म्हणून चकित होऊन राहिला.

एलापूर म्हणजे आपले वेरूळ, आणि ते मंदिर म्हणजे कैलास, असे अभ्यासक मानतात. श्रोतेहो, मी कविता लिहिणारा माणूस. पण त्या अनामिक शिल्पीचे आश्चर्य ज्याने तांब्याच्या पत्र्यावर नोंदवले, त्याच्यासमोर मला नेहमी वाकावेसे वाटते. राजाच्या स्तुतीत कारागिराला दोन ओळी मिळणे ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती.

बाराशे वर्षांनंतर तोच प्रश्न दूरचित्रवाणीने विचारला. अमेरिकेतल्या हिस्ट्री चॅनलवर २००९ साली ‘एन्शन्ट एलियन्स’ नावाचा कार्यक्रम आला, २०१०पासून त्याची मालिका झाली आणि ती वर्षानुवर्षे चालली. तिच्यात कैलासही आला. निवेदकाचा आवाज खोल, पाठीमागे ढोल, कॅमेरा वरून गरगरत खाली येणारा. एवढा डोंगर त्या काळच्या माणसांनी छिन्नी-हातोड्याने फोडला यावर तुमचा विश्वास बसतो? मग हे परग्रहावरून आलेल्यांचे काम तर नसेल? ताम्रपटातले देव बिचारे विमानातून नुसते पाहायला आले होते. टीव्हीने त्यांना गवंडीकामाला लावले. नाव चॅनलचे ‘हिस्ट्री’, म्हणजे इतिहास!

या कार्यक्रमांत आणि त्यांच्यावरून मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफितींत एक आकडा हमखास असतो. चार लाख टन दगड अठरा वर्षांत कसा काढला? आकडा ऐकून माणूस गप्प होतो. आपण गप्प न बसता कागद-पेन्सिल घेऊ या. कैलासचा खड्डा साधारण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद आणि मागच्या बाजूला १०७ फूट खोल आहे. तिन्हींचा गुणाकार केला की ४५ लाख घनफूट येतात. बसाल्ट दगडाचा घनफूट साधारण ८० किलोचा धरला, तर होतात ३ लाख ६० हजार टन. म्हणजे चार लाखांच्या जवळ. पण हा झाला पूर्ण चौकोनी खोक्याचा हिशेब. वेरूळचा डोंगर उतरता आहे. १०७ फुटांची खोली फक्त मागे आहे, पुढे येईतो ती पार कमी होते. त्यामुळे खोके जवळजवळ निम्मे झाले. शिवाय मधोमध जे मंदिर उभे आहे, तो दगड काढलेलाच नाही. तोच तर कैलास! तो वजा करा. उरतात ढोबळमानाने २० लाख घनफूट.

आता डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकर यांचा अंदाज ऐका. एक माणूस दिवसाला चारेक घनफूट दगड फोडतो असे धरले, तर २५० मजूर हे काम साडेपाच वर्षांत करू शकले असते. २५० गुणिले चार म्हणजे रोज १००० घनफूट. साडेपाच वर्षांचे दिवस दोन हजार. हिशेब जुळला. कोरीव नक्षीला अर्थातच आणखी वेळ लागला असेल, आणि ढवळीकरांनीच दाखवले आहे की सगळे काम एका राजाच्या काळात झालेले नाही. मुख्य मंदिर कृष्णराजाच्या वेळचे, इतर भाग पुढचे-मागचे. ज्यांनी कोकणात जांभ्याची चिऱ्याची खाण पाहिली आहे, त्यांना एक माणूस दिवसात किती दगड काढतो हे सांगायला परग्रहावरून कुणी यावे लागत नाही. बसाल्ट जांभ्यापेक्षा कितीतरी कठीण, म्हणून आकडा चारवर आला, एवढेच.

हा हिशेब मांडायला मला रेडिओवर दोन मिनिटे लागली. टीव्हीला तर चित्र दाखवता आले असते. उतार, खोके, आत उभे राहिलेले मंदिर. पाहणाऱ्या पोराच्या डोक्यात ते जन्मभर राहिले असते. ते दाखवले जात नाही, याचे मला दुःख आहे, आणि का दाखवले जात नाही, याचा शोध घ्यावासा वाटतो.

आश्चर्याला माझा विरोध नाही. वेरूळच्या बाबतीत लोक नेहमीच आश्चर्य करत आले. मराठीत ‘कथाकल्पतरू’ लिहिणाऱ्या कृष्ण याज्ञवल्कीने एक आख्यायिका दिली आहे. राणीने नवस केला, मंदिराचा कळस दिसेपर्यंत जेवणार नाही म्हणाली. इतक्या लवकर मंदिर कसे होणार? तेव्हा पैठणचा कोकस नावाचा कारागीर पुढे आला. त्याने डोंगर वरून खाली कोरायला घेतला आणि आठवड्यात कळस दाखवला. आठवड्याची गोष्ट भाबडी आहे, पण काम कळसापासून सुरू झाले हे तंत्र त्या कथेने अचूक सांभाळले. मुघल दरबारचा साकी मुस्तैद खान ‘मासिर-ए-आलमगिरी’त वेरूळबद्दल लिहितो, तेव्हा हे जादूची कला अवगत असलेल्या पूर्वीच्या सुरुंगकारांनी कोरले, पावसाळ्यात इथला धबधबा आणि हिरवळ पाहायला लोक येतात, आणि प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय वर्णनाने काही कळायचे नाही, असे मनापासून सांगतो. हा ग्रंथ औरंगजेबाच्या कारकिर्दीचा इतिहास, हे मुद्दाम लक्षात आणून देतो. कारण हजार माणसे लावून तीन वर्षे त्याच बादशहाने कैलास फोडायचा प्रयत्न केला, अशीही एक कहाणी अलीकडे चित्रफितींतून ऐकू येते. तिला समकालीन आधार कुणी दाखवत नाही. जुन्या कथांनी अतिशयोक्ती खूप केली. पण कारागिराला हाकलले नाही. ते काम नव्या टीव्हीने केले.

आपल्याकडची दूरचित्रवाणी मुळात अशी नव्हती. ती जन्मालाच शिकवायला आली. दिल्लीला १९५९ साली प्रयोग सुरू झाला, मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला. १ ऑगस्ट १९७५पासून वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग झाला. अमेरिकेचा उपग्रह उसना घेऊन सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत थेट चित्र उतरवले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या मोठ्या छत्र्या बनवल्या होत्या. शेती, आरोग्य आणि शाळकरी मुलांसाठी विज्ञान. कल्पना विक्रम साराभाईंची, आणि अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राचे प्रमुख होते यशपाल. आपला महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. आपल्याकडे मुंबई केंद्रावर आकाशानंदांचा ‘ज्ञानदीप’ होता. तो पाहणाऱ्यांनी गावोगाव ज्ञानदीप मंडळे काढली होती. कार्यक्रम पाहून लोक मंडळ काढतात, ही गोष्ट आज मुलांना सांगितली तर ती हसतात.

१९८४ साली काही महिने देशात जवळजवळ रोज एक नवा प्रक्षेपक उभा राहत होता, तेव्हा टीव्ही आम्हा कोकणातल्यांच्या आवाक्यात आला. बुरोंडीत ॲन्टेना माडाच्या उंचीला लागायचा आणि वारा सुटला की पडद्यावर मुंग्या यायच्या. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे दुपारचे वर्ग सुरू झाले. खरे सांगतो, त्यांतले बरेच कंटाळवाणे असत. खुर्चीत बसलेले प्राध्यापक, मागे पडदा, हातात खडू. जुने ते सगळे सोने असे म्हणणाऱ्यांतला मी नाही. दूरदर्शन सरकारचे होते, सरकारला नको ते दाखवत नव्हते, आणि त्याच्या नीरसपणावर आम्ही पोटभर विनोद केले. पण त्या नीरस दुपारीसुद्धा समोरचा माणूस ‘हे असे आहे’ एवढ्यावर थांबत नसे. ‘हे असे आहे हे कशावरून’ हेही सांगत असे.

आणि मधूनच काहीतरी अपूर्व घडे. १९८८ साली श्याम बेनेगलांची ‘भारत एक खोज’ आली. ५३ भाग. नेहरूंच्या पुस्तकावर आधारलेली, नेहरूंच्या वेशात रोशन सेठ. तिच्यात शिवाजी महाराजांची भूमिका नसीरुद्दीन शाहांनी केली आणि औरंगजेबाची ओम पुरींनी. जोतीराव फुले झाले होते सदाशिव अमरापूरकर. आमच्या मोहल्ल्यातल्या ज्या घरी टीव्ही होता तिथे जमलेल्या आम्हा पोरांना यात काही विशेष वाटले नाही. नट आहे, भूमिका करतो. एकाही बुजुर्गाने तेव्हा भुवई उंचावलेली मला आठवत नाही. आज कुणी अशी पात्रयोजना केली, तर काय काय होईल याची कल्पना तुम्हीच करा. त्या मालिकेवर आक्षेपही होते. ती नेहरूंच्या नजरेने पाहते असे म्हणत, आणि ते खरेच होते. पण ती तसे लपवत नव्हती. नेहरू पडद्यावर येऊन ‘मला असे दिसते’ म्हणत. पाहणाऱ्याला ‘मला तसे दिसत नाही’ म्हणायची वाट मोकळी राही.

‘भारत की छाप’ मात्र बहुतेकांच्या आठवणीतून गेली आहे. १९८९ची, चंदिता मुखर्जींची, तेरा भागांची. राजांचा नव्हे, तंत्राचा आणि विज्ञानाचा इतिहास. माणूस धातू गाळायला कसा शिकला, शून्य कसे आले, मोजमाप कसे आले. मग १९९१पासून ‘टर्निंग पॉइंट’. सूत्रधार गिरीश कार्नाड, आणि प्रेक्षकांच्या पत्रांना उत्तरे द्यायला यशपाल. पांढरे केस, सैलसर कपडे. पोरांनी विचारलेल्या साध्या प्रश्नावर ते आधी खूश होत, मग उत्तर देत. जयंत नारळीकरांनीही दूरदर्शनसाठी ‘ब्रह्मांड’ ही मालिका केली. मराठी माणसाला नारळीकर ठाऊक होते त्यांच्या विज्ञानकथांमुळे. पडद्यावर त्यांना पाहिले की विश्वाएवढ्या गोष्टी हळू आवाजात सांगता येतात हे कळे.

या सगळ्याची कसोटी १९९५ साली लागली. २१ सप्टेंबरला देशभर गणपती दूध पिऊ लागला. लोक भांडी घेऊन रांगा लावून उभे. विज्ञान-प्रसाराचे काम करणाऱ्या सरकारी शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळला, चमच्याने मूर्तीला लावला, आणि दूध पृष्ठताणामुळे ओढले जाऊन मूर्तीवरून खाली कसे ओघळते ते लोकांना दाखवले. महिन्याभराने, २४ ऑक्टोबरला, दिवाळीतच, खग्रास सूर्यग्रहण आले. त्याआधीचे आपल्याकडचे मोठे ग्रहण १९८०चे. त्या दिवशी शहरांतले रस्ते ओस पडले होते, माणसे दारे-खिडक्या लावून बसली होती. १९९५ला दूरदर्शनने ग्रहण थेट दाखवले आणि यशपाल बोलत होते. खग्रास क्षण आला तेव्हा त्यांच्या आवाजातला आनंद लपत नव्हता. त्या सकाळी आमच्या गावात चष्मे लावून, काळ्या काचा घेऊन माणसे अंगणात होती. आमच्याकडे ग्रहणाची खास नमाज असते. ती पढून आलेले लोकही टीव्हीसमोर बसले. पंधरा वर्षांत घराबाहेर पडलेल्या या माणसांचे श्रेय एकट्या टीव्हीचे नाही. विज्ञान चळवळी होत्या, शाळामास्तर होते. पण टीव्ही त्यांच्या बाजूला होता.

मग बाजू का बदलली? त्याच १९९५ साली डिस्कव्हरी वाहिनी भारतात आली, पुढे नॅशनल जिओग्राफिक आली, २००३ला हिस्टरी चॅनल. पहिली काही वर्षे आम्ही हरखून गेलो होतो. पाण्याखालची देवमाशांची कुटुंबे, इजिप्तच्या थडग्यांतले कोरीव काम, सगळे नितळ रंगात. पण वाहिनी आता फुकट नव्हती. जाहिरातीवर जगणारी वाहिनी दर आठवड्याला गुणपत्रिका पाहते. २०१५पासून ती गुणपत्रिका ‘बार्क’ नावाची संस्था देते. काही निवडक घरांत यंत्रे बसवलेली असतात. २०२० साली देशात टीव्ही असलेली घरे २१ कोटींच्या आसपास होती आणि यंत्रे पंचेचाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे एक घर साडेचार हजारांहून अधिक घरांच्या वतीने बोलते. पाहणी म्हणून त्यात चूक नाही. भाताचे एक शीत आपणही चाचपतोच. पण यंत्र मोजते काय? तुम्ही वाहिनी बदलली की नाही, एवढेच. तुम्हाला काही कळले की नाही हे मोजणारे यंत्र अजून निघालेले नाही.

इथे जाहिरातीची विश्रांती कामाला येते. तासाला १२ मिनिटे जाहिराती दाखवण्याची मुभा आहे. जाहिरात लागली की माणूस रिमोट उचलतो. त्याने परत यावे म्हणून विश्रांतीआधी प्रश्न टांगून ठेवायचा: काय आहे या गुहेचे रहस्य? परत आल्यावर मघाचेच पुन्हा सांगायचे, कारण नवा कुणी येऊन बसलेला असतो. मग पुढची विश्रांती. प्रश्नाचे उत्तर दिले, तर माणूस उठून जाईल. म्हणून उत्तर द्यायचेच नाही. तुम्ही कधी असा कार्यक्रम पाहताना हाती घड्याळ घ्या. तासाभरात नवी माहिती किती मिनिटांची निघते ते मोजा. ‘कैलास कुणी कोरला’ या प्रश्नाला परग्रहवासी हे उत्तर सोयीचे आहे, कारण ते उत्तरच नाही. त्यावर आणखी दहा भाग काढता येतात. छिन्नी आणि २५० मजूर म्हटले की गोष्ट संपली.

वृत्तवाहिन्यांनी ही युक्ती उचलली तेव्हा ती नुसती हास्यास्पद राहिली नाही. १० सप्टेंबर २००८ला जिनिव्हाजवळ जमिनीखालच्या २७ किलोमीटरच्या बोगद्यात कणांच्या टकरींचा महाप्रयोग सुरू व्हायचा होता. भारतीय शास्त्रज्ञांचाही त्यात वाटा होता. आदल्या दोन-चार दिवसांत आपल्या हिंदी वाहिन्यांनी पडद्याच्या कोपऱ्यात घड्याळे लावून विचारले: जग बुडणार का? मध्य प्रदेशातल्या एका १६ वर्षांच्या मुलीने ते पाहून धसका घेतला आणि जीव दिला, असे तिच्या वडिलांनी सांगितल्याचे तेव्हा वृत्तपत्रांत आले होते. बातमी दोन दिवस चालली. वाहिन्यांवरची घड्याळे पुढे २०१२च्या जगबुडीसाठी पुन्हा लागली.

त्याच २००८ साली आपल्याच महाराष्ट्रात एक प्रयोग झाला. नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हुशार मुलांच्या शंभर आणि गतिमंद मुलांच्या शंभर पत्रिका जमवल्या आणि ज्योतिषांना आवाहन केले, कुठली कुणाची ते ओळखा. प्रत्येकाला चाळीस पत्रिका. ५१ जणांनी त्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. बरोबर उत्तरांचे प्रमाण ४६ टक्के निघाले; नाणे उडवले असते तर पन्नासच्या आसपास आले असते. टीव्हीसाठी याहून रंगतदार कार्यक्रम कोणता? उत्कंठा आहे, स्पर्धा आहे, निकाल आहे. पण रोज सकाळी भविष्य सांगणाऱ्यांना तास दिलेला असतो. त्यांच्या पाटावर हे ताट वाढणार कोण?

इतिहासाच्या मालिकांचे दुखणे निराळे आहे. १९९०ला दूरदर्शनवर ‘द स्वोर्ड ऑफ टिपू सुलतान’ आली. भगवान गिडवाणींच्या कादंबरीवरची. वाद न्यायालयात गेला आणि अखेर प्रत्येक भागाआधी, ही कल्पित कथा आहे, हिच्या अस्सलपणाचा कोणताही दावा नाही, अशी पाटी दाखवावी लागली. ती पाटी तेव्हा शिक्षा होती. पुढच्यांना तिच्यातली सोय कळली. आता ऐतिहासिक मालिका लावा, सुरुवातीला तीच पाटी सर्रकन जाते, वाचून होण्याआधीच. आणि मग तासभर जे दिसते ते घराघरांत इतिहास म्हणून पाहिले जाते.

‘राजा शिवछत्रपती’ २००८ला आली, ‘स्वराज्यरक्षक संभाजी’ २०१७ला. दोन्हींत डॉ. अमोल कोल्हे. लहान मुले गडांची नावे घडाघडा म्हणू लागली, मीही भाग चुकवले नाहीत. माझी तक्रार अभिनयाविषयी नाही. या मालिकांत कधीच कागद दिसत नाही. महाराज असे म्हणाले, हे कुणी लिहून ठेवले? बखरीत आहे की पत्रात? बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली? वि. का. राजवाडे गावोगाव वणवण फिरून, वाडे धुंडाळून कागद गोळा करत. १८९८ला त्यांचा ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड निघाला, आणि खंड बावीस झाले. हा माणूस कुठल्याही मालिकेचा नायक शोभेल: तापट, फटकळ, कफल्लक. सेतुमाधवराव पगडींनी फारसी साधने मराठीत आणली. त्यांतला भीमसेन सक्सेना हा हिंदू, नोकरीला मुघलांकडे, लिहितो फारसीत, आणि मुघल सरदारांवर टीकाही करतो. अशा माणसाला मालिकेत कुठल्या रंगाचे कपडे घालायचे? पेचच आहे. म्हणून त्याला घेतच नाहीत.

घेतात ते ठरलेले. डोळ्यांत बोटभर सुरमा, हातात मांसाची तंगडी, हसला की सिंहासन हादरले पाहिजे. माझ्या घरातल्या एका लहान मुलाला शाळेतल्या मित्रांनी आदल्या रात्रीचा भाग झाल्यावर विचारले, ‘तुमच्यात असेच खातात काय रे?’ मुले होती, दुष्टपणा नव्हता. संध्याकाळी तो मला विचारत होता, आपण त्यांच्यातले की महाराजांच्यातले. मी त्याला दर्या सारंग आणि दौलतखान यांची नावे सांगितली, महाराजांच्या आरमारावरची. सभासदाने बखरीत लिहिले आहे की मुलखातल्या देवस्थानांबरोबर पीर-मशिदींची दिवाबत्ती महाराजांनी चालू ठेवली, तेही सांगितले. त्याने ऐकून घेतले. पण मी सांगत होतो तोंडाने, आणि समोर बेचाळीस इंची पडदा होता.

२०२०च्या जून महिन्यात लोणार सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सगळ्या वाहिन्यांनी ते दाखवले. गूढ, चमत्कार, संकेत. मग पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव हे कारण सांगितले. रंगाला जेवढी जागा मिळाली, तिच्या चौथाईही कारणाला मिळाली नाही. विज्ञानाच्या प्रसारासाठी १९८९ला स्थापन झालेली ‘विज्ञान प्रसार’ ही सरकारी संस्था २०२३ला बंद झाली. ती बातमी किती जणांनी पाहिली कोण जाणे. त्याच वर्षी २३ ऑगस्टला चांद्रयान-३ उतरले, तेव्हा इस्रोचे यूट्यूबवरचे प्रक्षेपण एकाच वेळी ८० लाखांहून अधिक ठिकाणी चालू होते. त्यात ढोल नव्हते. संगणकांसमोर बसलेली माणसे, आकडे, आणि वेग-उंचीचा आलेख. लोकांना हेच हवे असते, असे वाहिन्यांचे लोक आपल्या कार्यक्रमांबद्दल सांगतात, तेव्हा मला हे ८० लाख आठवतात.

आमच्या दापोली तालुक्यातच दोन-तीन कार्यक्रमांचे साहित्य पडून आहे. केळशीला खाडीच्या तोंडाशी वाळूची मोठी टेकडी आहे, शेजारी याकूबबाबांचा दर्गा. बाबांविषयी शिवाजी महाराजांना आदर होता अशी परंपरा आहे. टेकडीचा काही भाग कापला गेला तेव्हा आतले थर उघडे पडले. डेक्कन कॉलेजच्या अशोक मराठे यांनी ते थर अभ्यासले. खापरे, नाणी, मानवी हाडे. ही टेकडी समुद्राच्या एका प्रचंड लाटेने आणून टाकली असावी, असे त्यांनी मांडले. इकडे पोर्तुगीज बखरकारांनी लिहून ठेवले आहे की १५२४ साली वास्को द गामाचा तांडा दाभोळच्या समुद्रात असताना पाणी एकाएकी उकळल्यासारखे हलू लागले. दोन्हींचा मेळ घालता येतो का? वाळू वाऱ्यानेही साठते. मग लाटेची कशी आणि वाऱ्याची कशी, हे ओळखायचे कसे? एका बाजूला लिस्बनचा कागद, दुसऱ्या बाजूला केळशीची वाळू. मतभेद दाखवले तरी कार्यक्रम रंगेल, मतभेदामुळेच जास्त रंगेल.

आणि दक्षिणेला रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पे आहेत. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या साथीदारांनी वर्षानुवर्षे सडे पायाखाली घालून, गुराख्यांना विचारून ती शोधली. कशेळीचा हत्ती अठरा मीटरांच्या घरात आहे आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरले आहेत. आज कोकणात नसलेला गेंडा काही ठिकाणी आहे. २०२२ला यातली नऊ ठिकाणे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली: रत्नागिरीतली सात, सिंधुदुर्गातले कुडोपी आणि गोव्यातले फणसायमाळ. टीव्हीवाले येतात ते बहुधा देवाचे गोठणेला. तिथल्या चित्राजवळ होकायंत्राचा काटा भरकटतो म्हणतात. काटा फिरताना चित्रण होते, निवेदक डोळे विस्फारतो आणि विश्रांती येते. जांभ्यात लोह असते, मग काटा इथेच का फिरतो आणि शेजारच्या सड्यावर का नाही, हा पुढचा प्रश्न विचारेपर्यंत गाडी निघून गेलेली असते.

ही चित्रे कुणी कोरली, नक्की केव्हा, कशासाठी, याबाबत अभ्यासकांचे अजून एकमत नाही, आणि ते तसे मोकळेपणाने सांगतात. ज्यांना पाहायची असतील त्यांनी पावसाळ्यात जाऊ नये; सड्यावर गवत आणि पाणी असते. गवत वाळून गेल्यावर, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी जावे. ऊन कलते असले की खाचांत सावली भरते आणि रेषा उठून दिसतात. दुपारी बाराला गेलात तर हत्तीवर उभे राहूनही हत्ती दिसत नाही.